दुधाच्या दातांचा हुरडा

आतोबांचा फोन आला की पहिली चौकशी पोरांच्या दातांची. बरी आहेस का नाही, जेवलीस का नाही, नेदरलँड्समध्ये थंडी किती हे तर नाहीच नाही. पलीकडून आधी गाईचं हंबरणं ऐकू यायचं, मग एक दणदणीत खाकरणं, आणि मग थेट मुद्दा.

"मंजे, कबीरचं दात कसं हायती?"

"चांगले आहेत की."

"येखादा हालत न्हाई ना?"

"नाही हो, आतोबा. अजून वेळ आहे त्याला."

"मिटलं!" म्हणायचे आणि फोन आत्याच्या हातात द्यायचे. पुढचं सगळं, म्हणजे सासू-सासरे, ऑफिस, सर्दी-पडसं, हे खातं आत्याकडे. माझ्या ऑफिसातल्या एका डच मैत्रिणीने असे दोनतीन फोन ऐकले, माझ्याकडून अर्थ समजून घेतला आणि एकदा मला विचारलं, तुझ्या नात्यात कोणी दातांचे डॉक्टर आहेत का? मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायचं म्हणजे तिला ज्वारीपासून सुरुवात करावी लागली असती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. खरं नाव ज्ञानदेव. पण मी लहानपणी दर सुट्टीत नगरहून त्यांच्या मळ्यात जायची आणि दिवसभर "आतोबा, आतोबा" करत इतका धुडगूस घालायची, की गावातल्या निम्म्या लोकांनी तेच नाव उचललं. दूध डेअरीवरचा माणूस त्यांना आतोबा म्हणायचा, ग्रामसेवक म्हणायचा. एका लग्नात माईकवरून "आतोबांनी स्टेजवर यावं" असं पुकारलं, तर नवऱ्यामुलाचे खरे आतोबा बसून राहिले आणि आमचे उठून फेटा बांधून घेऊन आले!

पारनेर तालुक्यातला कोरडवाहू मळा. एक विहीर, थोडा कांदा, चार जर्सी गाई आणि बाकी सगळी ज्वारी. माणूस अंगाने आडवातिडवा, आवाज त्याहून मोठा. गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले, कुणाला काडीचा त्रास न देता. जिवंतपणी मात्र सगळ्यांना भरपूर त्रास दिला, तो सगळा प्रेमाचा.

तर दात. आतोबांचा एक सिद्धान्त होता. तो त्यांना कुणी सांगितला नव्हता, गावात दुसरं कुणी तो मानत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचं काही अडतही नव्हतं. ते म्हणायचे, "दुधाच्या दातानं हुरडा खाल्ला ना, की त्यो मानूस कुटंबी जाऊ दे. थंडी पडली की त्येचं पाय हिकडं वळत्यातच. पक्क्या दातानं खाल्ला, तर नुसतं प्वाट भरतं."

पुरावा म्हणून मला उभं करायचे. "ही बघा मंजी. चार वर्सांची हुती तवा माज्या आगटीवर हुरडा खाल्ला. आज हालंडावरनं येती का न्हाई? मिटलं!"

ज्याने हुरडा खाल्लेला नाही त्याच्यासाठी सांगते. ज्वारीचं कणीस दाण्याने भरतं, पण दाणा अजून कोवळा, हिरवा असतो, ते दहाबारा दिवस हुरड्याचे. कणसं तोडायची, जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केलेला असतो, ती आगटी, तिच्यात भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ. आमच्याकडे हा बेत संक्रांतीच्या आगेमागे. आणि आमच्या पोरांची शाळा सुट्टी देते नाताळची. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

आम्ही दर दोन वर्षांनी यायचो. मी, नवरा मंदार, मुलगी ईरा आणि धाकटा कबीर. पुण्याला मंदारच्या बहिणीकडे बॅगा टाकायच्या आणि चार दिवस मळ्यावर. रस्ता डांबरी झालाय, भाड्याची गाडी थेट दारापर्यंत जाते. पण आतोबा फाट्यावर ट्रॅक्टर लावून उभे. ट्रॉलीत कडबा, कडब्यावर सतरंजी, सतरंजीवर पोरं. "गाडीतनं आली तर पोरांना कळनार कसं, कुटं आलो त्ये?" मी पोरांबरोबर ट्रॉलीत, आणि मंदार मागून रिकामी गाडी घेऊन धूळ खात.

पोचल्यावर चहा नंतर. आधी जनावरांची ओळख. प्रत्येक गाईपुढे पाहुण्याला उभं करून नाव सांगायचं. "ही सरकार. काय केलं तरी जागची हालत न्हाई. ही मॅडम. हिला वळख दिल्याबिगर फुडनं जायाचं न्हाई, लाथ घालती." ईराने एकदा सांगितलं, की आमच्याकडे गाईंच्या कानात नंबर असतात. आतोबांना ते फार लागलं. "नंबर? मग हाक कशी मारत्यात?" दिवसभर तेच. संध्याकाळी धार काढताना मॅडमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुज्या मावश्यांचं लई हाल हायती गं तिकडं."

पहिल्या खेपेला ईरा चार वर्षांची होती, तोंडात सगळे दात दुधाचे, कबीर तर मांडीवरच. आतोबा खुशीत. पण ज्वारी नुकती निसवलेली, म्हणजे कणीस नुसतं बाहेर आलेलं, दाण्याचा पत्ता नाही. आमची निघायची तारीख आली तशी आतोबांनी मला बाजूला घेतलं.

"साळंला अर्ज कर. म्हनावं, सुट्टी दोन हप्ते फुडं ढकला. ज्वारी तयार न्हाई."

"आतोबा, ती नाताळची सुट्टी असते. नाताळ कसा पुढे ढकलतील?"

"नाताळ करा की त्येंच्या तारखंला. आपला जोसेफ मास्तर न्हाई का? नाताळ उरकितो आन जानेवारीत दर साली हुरड्याला येतो. त्येचं काय आडत न्हाई ते!"

दुसऱ्या खेपेला पाऊसच उशिरा झालेला. दाणा भरला होता पण नुसता चीक, दाबला की दूध बाहेर. आतोबांना राहवेना. त्यांनी ती कोवळी कणसं तशीच भाजली. हातावर चोळल्यावर जे निघालं त्याने पाकीट चिकटवता आलं असतं. ईराने तोंडात घेतलं आणि पुढच्या क्षणी सतरंजीवर काढलं. आत्या हसून हसून लोळायची बाकी राहिली. आतोबा गंभीरपणे म्हणाले, "ह्यो धरायचा न्हाई."

मग सहा महिन्यांत ईराचे पुढचे दात पडले. मी फोनवर सहज सांगितलं. पलीकडे एवढी शांतता, की मला वाटलं फोन कट झाला.

"ईरा हातची ग्येली," आतोबा म्हणाले.

मागून आत्याचा आवाज आला, "आवं, पोरगी धडधाकट हाय! काय बोलताय त्ये! आना हिकडं त्यो फोन."

तेव्हापासून कबीरच्या दातांवर पहारा बसला. कबीर शेवटचा. तिसऱ्या खेपेला तो सहाचा होणार होता आणि त्याच्या पुढची खेप म्हणजे आठ. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आतोबांनी त्या वर्षी सरळ कॅलेंडर उलटं मोजलं, आमच्या तिकिटाच्या तारखेपासून मागे, आणि विहिरीकडच्या तुकड्यात श्रावणातच ज्वारी पेरली. हुरड्याची गूळभेंडी, खास जातीची. आख्खं गाव हसलं. पोळ्याच्या आधी रब्बीची ज्वारी कोण पेरतं? पारावर कुणीतरी म्हणालं, आतोबांना वय झाल्यामुळे महिने कळेनासे झाले. आतोबांनी ऐकून घेतलं, आणि तुकड्याला विहिरीचं पाणी दिलं. जे पाणी कांद्याला जायचं ते.

ज्वारी आली. चांगली पुरुषभर आली आणि डिसेंबरात दाण्याने भरली. पण आजूबाजूच्या शिवारात कुठेच दाणा नाही, सगळीकडे नुसता हिरवा पाला, आणि मधोमध हा एकच तुकडा पंगत मांडल्यासारखा. तालुक्यातल्या पाखरांना आमंत्रण द्यायची गरजच नव्हती. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा आतोबा फाट्यावर नव्हतेच. ते तुकड्यात चार खांबांवर फळ्या टाकून केलेल्या माळ्यावर उभे होते, एका हातात गोफण आणि पायाशी बडवायला पत्र्याचा डबा. लांबून आम्हाला बघितल्यावर त्यांनी ओरडून पहिला प्रश्न केला.

"दात?"

काय सांगू? विमानातच कबीरचा खालचा दात हलायला लागला होता.

आतोबा माळ्यावरून खाली आले. कबीरची हनुवटी धरून तोंडात बघितलं. बोटाने अगदी हलकेच दाताला शिवले. "दोन दिस," त्यांनी जाहीर केलं. "दोन दिसात कनीस व्हतंय. तवर ह्यो दात ऱ्हायला पायजे."

अडचण अशी, की कबीरला तो दात पाडायचाच होता. वर्गातल्या सगळ्यांचा एकेक पडलेला, हा एकटाच मागे. शिवाय तिकडे पडलेला दात उशीखाली ठेवला की परी भेट ठेवते. तो दिवसभर जिभेने दात ढकलत बसायचा, आणि आतोबा त्याच्या मागे. "आरं सोड त्येला! तुज्या परीला सांग, दोन दिसांनी ये." घरात फर्मान निघालं, कबीरला ऊस नाही, बोरं नाहीत, चिक्की नाही. भाकरी दुधात कुस्करून. आत्या त्याला भरवताना म्हणायची, "खा बाबा. दात नसलेल्या म्हाताऱ्याचं जेवान तुला, आन दात असलेलं म्हातारं तुज्यापायी उपाशी."

खरंच, आतोबांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. मला गंमत वाटत होती, मग थोडा रागही यायला लागला. सहा वर्षांच्या पोराला बोर खाऊ देत नाहीत म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी आत्याला म्हणाले, "आतोबांचं जरा अति होतंय हं. एका दातासाठी एवढं?"

आत्या भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली.

"आमचा संतोष ल्हान असताना सलग दुष्काळ पडला. तुला आठवत नसंल, तू तवा नगरात साळंला. चार वर्सं शिवारात ज्वारीचं कनीस न्हवतं. मग पाऊस झाला, तवर पोराचं दात पडून पक्कं आल्तं. फुडं हॉस्टेलात ग्येला, मग नोकरी." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तवापास्नं ह्येंनी ह्ये दाताचं काडलंय. कुनी इचारलं ना, की संतोष का येत न्हाई, तर म्हनत्यात, त्येचा काय दोष? त्येला येळंवर हुरडाच घावला न्हाई."

संतोष म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. पुण्यात असतो. पुणे म्हणजे इथून अडीच तास. आम्ही समुद्र ओलांडून येत होतो आणि तो अडीच तासांवरून येत नव्हता. भांडण नाही, तंटा नाही, वाटणीचं काही नाही. नुसतं येणं राहून जायचं. आज काम आहे, उद्या पोरीची शाळा, परवा गाडी सर्व्हिसिंगला. चार वर्षांची त्याची मुलगी, रेवा, मळ्यावर एकदाच आली होती, तीही तान्ही असताना. मला हे सगळं माहीत होतं, पण त्याचा आणि दातांचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. आता जोडला आणि मला चुलीपुढे बसवेना. मी उठून कबीरला जाऊन बजावलं, की त्या दाताला जीभ लावलीस तर याद राख.

हुरड्याचा दिवस उजाडला. दुपारी आगटी पेटवायची ठरली आणि सकाळीच मॅडम व्यायला लागली. वासरू मोठं, आतोबांना गोठा सोडणं शक्य नव्हतं. आत्या पाणी तापवत होती, मी कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून अंधाऱ्या कोपऱ्यात. राखणीला कोण? उरला मंदार.

आतोबांनी अतिशय संकोचाने गोफण बाजूला ठेवली आणि डबा त्याच्या हातात दिला. जावयाला काम सांगायचं म्हणजे त्यांना मरणाचं अवघड. "जावयबापू, जरा बसता का माळ्यावर? पाखरं आली की निस्ता डबा वाजवायचा. पोरांना घेऊन जावा, करमंल तुमाला."

मंदारला करमलं. फारच करमलं. कारण मंदारला पक्ष्यांचं वेड. तिकडे आम्ही दर रविवारी तळ्याकाठच्या लाकडी खोपटात बसून फटीतून बदकं बघतो, तिथे शिंकायचीसुद्धा चोरी. पोरांना पक्षी म्हटलं की श्वास रोखायचा हे बाळकडूच मिळालंय. माळ्यावर बसल्या बसल्या मंदारने दुर्बीण काढली आणि तासाभरात भोरड्यांचा थवा आला. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या साळुंक्या म्हणा ना. हिवाळ्यात लांब परदेशातून येतात, आणि एकदोन येत नाहीत. आभाळात काळी चादर झटकावी तसा थवा फिरला. ईराच्या हातात काठी होती, पायाशी डबा होता. तिने बापाकडे बघितलं.

"एक मिनिट," मंदार कुजबुजला. "हलू नका. फक्त एक मिनिट."

मिनिट किती मोठं झालं ते आजही आमच्या घरात ठरत नाही.

इकडे गोठ्यात मॅडमला कालवड झाली. आतोबा नखशिखांत चिखल-शेणाने माखलेले, पण चेहरा असा फुललेला! "कालवड! कालवड!" ओरडतच ते तुकड्याकडे निघाले आणि मी मागोमाग. बांधावर पोचलो तशा भोरड्या उठल्या, सगळ्या एकदम, पोटं भरून. तुकड्यात कणसं उभी होती, पण कणसांवर दाणे नव्हते. नुसत्या काड्या. पोरं माळ्यावर हरखून टाळ्या पिटत होती. मंदारने आम्हाला बघितलं, मग पहिल्यांदा खाली ज्वारीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते इथे लिहीत नाही. आतोबांनी हाताने मला थांबवलं. जावयाला बोलायचं नसतं. त्यांच्या घरात तो नियम होता आणि तो ज्वारीपेक्षा मोठा होता.

"दिसली का नीट पाखरं?" त्यांनी विचारलं.

ईराने मंदारचा कॅमेरा पुढे केला. आतोबांनी हात धोतराला पुसले आणि एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला.

"लई ब्येस आल्यात," म्हणाले.

"आतोबा, माझं चुकलं. मी... मला कळलंच नाही," मंदार म्हणाला. त्याचा आवाज खरंच रडवेला झाला होता.

"आवं, चुकायचं काय त्येच्यात? ही बी परदेशातनंच येत्यात ना? तुमीच म्हनला हुता. मग? बरुबर दानं भरल्यावर आली का न्हाई? ह्येंची सुट्टी ठरवनाऱ्याला तुमच्या साळंत घ्या म्हनावं."

आम्ही हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "जा, कालवड बघा जावा," आणि आम्ही वळल्यावर एकटेच तुकड्यात शिरले.

दुपार टळली तरी बाहेर येईनात. मी बांधावरून बघत होते. ज्वारी त्यांच्या डोक्यापेक्षा उंच, त्यामुळे नुसती ताटं हलताना दिसायची. एकेक ताट वाकवून बघत होते. वाऱ्याने खाली लोळलेलं, पाल्याआड दडलेलं, पाखराच्या नजरेतून सुटलेलं काही मिळतंय का ते. मनात म्हटलं, पुरे करा ना आता, कशाला एवढं! आणि त्याच वेळी मनात म्हणत होते, मिळू दे बाई, मिळू दे.

ऊन उतरायच्या वेळी ते बाहेर आले. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती, आणि टोपीत मोजकी कणसं. काही तर अर्धीच भरलेली.

एवढ्याशा कणसांसाठी त्यांनी आगटी मात्र पूर्ण थाटाची केली. गोवऱ्या रचल्या, सतरंजी अंथरली, आत्याने चटणी वाटली, गूळ फोडला, परातीत रेवड्या मांडल्या. कबीरला मधोमध पाटावर बसवलं. दात एका धाग्यावर लोंबत होता म्हणा ना. आतोबांनी पहिलं कणीस भाजलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, आणि मूठभर हिरवे, वाफाळते दाणे कबीरच्या तळव्यावर ठेवले.

"हळू. त्याच दातानं चाव."

कबीरने चावलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एवढी माणसं आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना. त्याने गिळलं, जिभेने दात तपासला, दात होता, आणि त्याने हात पुढे केला. "अजून."

"मिटलं!" आतोबा ओरडले. मॅडम गोठ्यात दचकून उभी राहिली.

मग ईराने खाल्ला. मंदारला त्यांनी बळेच खायला लावला, तो बिचारा एकेक दाणा अपराध्यासारखा चावत होता. मी खाल्ला. आत्या म्हणाली, "आवं, तुमी घ्या की," तर म्हणाले, "मला काय नवाय का?" आणि शेवटचं एक कणीस, त्यातल्या त्यात भरलेलं, त्यांनी भाजलं, चोळलं, पण कुणाला दिलं नाही. दाणे गार होऊ दिले. एका स्वच्छ फडक्यात बांधले. हुरडा बांधून न्यायचा म्हटलं की एरवी ते अंगावर यायचे. आगटीपासून उठला तो हुरडाच नव्हे, असं त्यांचं मत. मी बघतच राहिले.

पुरचुंडी माझ्या हातात देऊन इकडेतिकडे बघत म्हणाले, "उद्या पुन्याला जाताय नव्हं? संतोषकडं जाशील?"

"जाईन की."

"रेवा चार वर्सांची हाय. तिचं समदं दात दुधाचं असतील." पुरचुंडीकडे बोट दाखवलं. "गार हाय, पन धरू आपुन. काय?"

मी पुरचुंडीची गाठ आणखी घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी संतोषच्या फ्लॅटवर गेले. तो नुकताच ऑफिसातून आलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी पुरचुंडी सोडली आणि कसले दाणे, कुठून आले, कसे शोधले, सगळं सांगितलं. दातांचं मात्र सांगितलं नाही. त्याने दाणे हातात घेऊन वास घेतला. मग रेवाला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने भरवलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, चावलं, विचार केला, आणि परत आ केला.

संतोषने आपणहून आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

आत्याने फोन अंगणात नेऊन आतोबांच्या हातात दिला. त्यांनी तो चेहऱ्याच्या इतका जवळ धरला की आम्हाला एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

"आबा, रेवाने हुरडा खाल्ला," संतोष म्हणाला. "तुम्ही पाठवलेला."

डोळा मोठा झाला. "समदा?"

"समदा," संतोष म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून गावाकडचा शब्द ऐकला.

"पोरीला म्होरं घे. बाळा, दात दाव बरं तुझं. आ कर."

रेवाने फोनपुढे तोंड उघडलं. आतोबा बघत राहिले.

"हायती," ते हळूच म्हणाले. "समदं हायती."

आणि फोन हातात असल्याचं ते विसरलेच. खाटेवर वगैरे ठेवला असावा, कारण एकदम आम्हाला नुसतं संध्याकाळचं आभाळ दिसायला लागलं, आणि अंगणातून लांब जाणारा त्यांचा तो दणदणीत आवाज ऐकू आला.

"अगं ए! खाल्ला गं! संतोषच्या पोरीनं खाल्ला!"

पडद्यावर आभाळाखेरीज काही नव्हतं. आवाज गोठ्याकडे गेला, तिथून शेजारच्या बांधाकडे, कुणाकुणाला सांगत. मी म्हटलं, "संतोष, कट कर आता, त्यांच्या लक्षात येणार नाही."

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि पोरीला तसंच मांडीवर धरून तो फोन हातात घेऊन बसून राहिला.